संघाचा उजवा हात

कुलूप मी पाहिलं तेव्हा पाहुण्यांनी अजून पाणीपण घेतलं नव्हतं.

पास्टर श्यामसुंदर यांची कापडी पिशवी पुढच्या बाकावर ठेवलेली होती, तोंड उघडं. मी पाण्याचा ट्रे घेऊन वाकले तर आत बायबल, चष्म्याचं घर आणि त्याच्या खाली नवंकोरं कुलूप. अजून प्लास्टिकमध्येच, पुठ्ठ्याला किल्ल्या चिकटवलेल्या. मोठं, शटरला लावतात तसलं. मी पप्पांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसते, शटरचं कुलूप मला झोपेतपण ओळखू येते.

ट्रे तसाच घेऊन मी मागच्या खोलीत गेले. आई कपांना कान आहेत का नाही ते पाहून राहिली होती.

"आई, ते लोक कुलूप घेऊन आले."

"कोण लोक?"

"पाळक संघवाले. पिशवीत आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "त्यांच्या घरचं असेल. बाजारातून घेतलं असेल येताना."

"परीक्षा घ्यायला येताना कोणी कुलूप खरेदी करते का?"

"दीपू." तिनं माझं मनगट धरलं. "आजचा दिवस तोंड बंद. मला शब्द दे."

मी शब्द दिला नाही. तिनंपण वाट पाहिली नाही, चहा उकळून वर यायला लागला होता.

आमची मंडळी छोटी आहे. मंडळी म्हणजे चर्च, आमच्यात तसंच म्हणतात. गोरखपुर मोहल्ल्यात, बाजारामागे एक हॉल, पत्र्याचं छत, दहा-बारा बाक. जबलपुरात राहून मराठीत उपासना करणारे आम्ही एवढेच. जुने पाळक, म्हणजे आमचे पाद्री, वारले तेव्हापासून आम्हाला पाळक नाही. म्हणजे काम सगळं पप्पाच करतात. दवाखान्यात जाणं, मयतीला उभं राहणं, रविवारी बोलणं. पण पाळकाची दीक्षा नाही म्हणून प्रभुभोजनाची भाकर मोडून वाटता येत नाही, बाप्तिस्मा देता येत नाही. त्यासाठी पाळक संघाला फोन करायचा. संघ म्हणजे शहरातल्या सगळ्या मंडळ्यांच्या पाद्र्यांची जमात. त्यांना वेळ असला तर कोणाला तरी पाठवतात, तो हिंदीत घाईघाईत उरकून जातो. मागच्या इस्टरला तर कोणी आलंच नाही. बेबीमावशी पांढरी साडी नेसून बसून राहिली होती, दुपारपर्यंत.

मग मंडळीनं हात वर करून पप्पांना निवडलं. अनुपम ओहोळ, आयटीआय इलेक्ट्रिशियन. आणि पप्पांनीच संघाला बोलावणं धाडलं, या, मला तपासा.

मी तेव्हाच भांडले होते दुकानात. "मंडळीनं निवडलं ना? मग त्यांना बोलावता काहून?"

पप्पा पंख्याच्या मोटरीत तार भरून राहिले होते. त्यांना हा विषय आवडतो, तार भरता भरता सांगायला लागले. आमची मंडळी नगरकडून आली, तिथं अमेरिकन मिशन होतं, आणि त्या मिशनवाल्यांची चाल फार जुनी. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची. तिथं गावोगावचे पाळक एकमेकांच्या घरी जमायचे. असेच संघ. अडचणी बोलायचे, नवीन पोरांची परीक्षा घ्यायचे, नवा पाळक झाला की शेजारच्या मंडळीचा पाळक पुढे येऊन उजवा हात द्यायचा. म्हणजे तू आमच्यातला. पण हुकूम नाही. सल्ला द्यायचा फक्त. पाळक कोण, ते प्रत्येक मंडळी आपलं आपण ठरवायची.

"आणि संघानं हुकूम सोडला तर?"

"त्याच्यावरूनच तर भांडले ते शंभर वर्षं." पप्पा हसले. "पण हात पाहिजे, दीपू. एकट्यानं स्वतःला पाळक म्हणून घेणं सोपं असते. तू वाइंडिंग केली की मी टेस्ट लॅम्प लावतो का नाही? बाहेरून कोणीतरी लावून पाहिलंच पाहिजे."

माझ्या वाइंडिंगवर तो लॅम्प दोनदा पेटला होता, म्हणजे आत शॉर्ट.

आता त्या टेस्ट लॅम्पच्या पिशवीत कुलूप होतं.

संघाकडून दोघं आले होते. पास्टर श्यामसुंदर अध्यक्ष, शहरातल्या मोठ्या हिंदी मंडळीचे. इस्त्रीचा सफारी, आवाज मऊ. खोटं काहून बोलू, आमचे जुने पाळक गेले तेव्हा मातीला हेच उभे राहिले होते, भर पावसात, छत्री दुसऱ्याला देऊन. पण त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. इतकी छोटी मंडळी टिकत नाही, तिनं त्यांच्यात मिसळावं, आणि ज्या मंडळीला दीक्षा घेतलेला पाळक नाही तिचा हॉल संघानं सांभाळावा. दुसरे भाऊराव. रिटायर पाळक, मराठी, महाराजपुरला मुलाकडे राहतात. खादीचा कुर्ता, उजवा हात कायम खिशात.

परीक्षा उघडी असते. मंडळी समोर बसते, ज्याची परीक्षा तो मधल्या खुर्चीवर. पप्पांनी लग्नातला कोट घातला होता. पाठीवर कोट ताणलेला, मानेवर घाम. मी सगळ्यात मागे, दाराजवळ बसले, कारण तिथून पिशवी दिसत होती.

"ओहोळ जी, थिओलॉजी कहाँ से की?"

"नाही केली. आयटीआय केलं. इलेक्ट्रिशियन ट्रेड."

कोणीतरी खुसकन हसलं. श्यामसुंदर हसले नाहीत, त्यांनी डायरीत काही लिहिलं. मग एकामागे एक विचारलं. त्रैक्य काय, कृपा काय, लहान लेकराला बाप्तिस्मा का द्यायचा. पप्पा अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलून राहिले होते, पण अडले नाहीत. जिथं माहीत नाही तिथं सरळ "हे मला नाही येत" म्हणाले. आईचे ओठ हलत होते, पप्पांच्या आधी तीच उत्तर देऊन राहिली होती मनात.

मग भाऊरावांनी खाकरून घसा साफ केला. "मला एकच विचारायचं. माणूस मरायला टेकला आहे. तुम्हाला विचारते, मी वाचेन का? काय सांगाल?"

पप्पांनी सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "सांगेन, मला माहीत नाही. आणि तिथून उठून जाणार नाही."

भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझं झालं," म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. बेबीमावशीनं मागे वळून माझ्याकडे पाहून डोळा मारला. मावशी आमच्यातली सगळ्यात म्हातारी. मागे बाथरूममध्ये पडली, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, त्यावर नातवंडांनी पेनानं फुलं काढलेली.

श्यामसुंदर यांनी डायरी मिटली. "अब घर की बात."

आई मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"पौलुस तीमुथियुस को लिखता है, जो अपना घर नहीं सँभाल सकता वो कलीसिया क्या सँभालेगा. ये मेरी बात नहीं है, वचन है. बेटी कौन सी है आपकी?"

त्यांना माहीत होतं कोणती. तरी विचारलं. सगळ्या माना मागे फिरल्या.

"खड़ी हो जाओ बेटा."

मी उठले.

"स्कूल?"

"सोडलं."

"काहे?"

"माझ्यानं वर्गात बसवत नाही."

"अच्छा. और मेरे भतीजे को बाजार में, सबके सामने थप्पड़ मारा. सुशांत को. मारा ना?"

"हो."

"क्यों?"

इथं मी अडले. कारण होतं. चांगलं पक्कं होतं. पानठेल्यावर त्या सुशांतनं पप्पांच्या प्रार्थनेची नक्कल केली होती, डोळे मिटून, हात पसरून. म्हणे, मिस्त्री पादरी, मोटर का भूत भगाता है. आणि त्याच्या पुढे आईबद्दल एक शब्द. मित्र मोबाइल धरून शूट करून राहिला होता. मी हात उचलला तेव्हा त्यानं वाक्य पुरंपण केलं नव्हतं. पण हे मी इथं कसं सांगू? पप्पा खुर्चीवर, आई चहाच्या दाराशी. सांगायचं म्हणजे ते सगळं परत बोलायचं, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडानं.

"राग आला," मी म्हटलं.

"गुस्सा आया." त्यांनी मान हलवली, जसं काही त्यांना पाहिजे ते मिळालं. "और सदस्य हो? प्रभु भोज लेती हो?"

"नाही."

हे समजावून सांगावं लागेल. आमच्यात पूर्ण सभासद व्हायचं म्हणजे साक्ष द्यायची. उपासना चालू असताना आपलं आपणच उठायचं, पुढे जायचं, देवानं आपल्यासोबत काय केलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. मगच भाकर घ्यायची. कोणी नाव घेऊन बोलवत नाही, कोणी ढोसत नाही. बेबीमावशीनं तर नातवंडं झाल्यावर दिली. तोवर ताट आलं की ती स्वतः न घेता पुढच्याला द्यायची. मी अजून दिली नाही. काहून, तर मला सांगायला काही नाही. लोक पुढे जाऊन रडतात, मी मागून पाहते. मला रडू येत नाही. देव आहे का नाही, हे मला वाइंडिंगसारखं उघडून दिसत नाही.

"देखो बेटा," श्यामसुंदर म्हणाले. प्रेमानंच म्हणाले, तेच वाईट. "हम दुश्मन नहीं हैं तुम्हारे पापा के. आदमी अच्छा है. पर लोग हमसे पूछेंगे, उसकी अपनी बेटी तो बाहर है. तो तुम यहीं, अभी, माफी माँग लो, और अपनी साक्षी दे दो. दो लाइन. फिर हम हाथ दे देंगे, चाय पिएँगे, घर जाएँगे."

दोन लाइनी. मला येत होत्या. लहानपणापासून इतक्यांदा ऐकल्या की कोणाच्यापण आवाजात म्हणून दाखवेन. आई दाराला धरून उभी, तिचे डोळे म्हणत होते, बोल. बाकावरच्या सगळ्यांचे डोळे तेच म्हणत होते. बेबीमावशीचे नाही, ती खाली पाहून राहिली होती. मी हिशेब केला. माझं जाते काय? हवा. पप्पांना मिळते काय? सगळं.

मी पुढे गेले. पप्पांच्या खुर्चीपाशी उभी राहिले.

"सुशांतला मारलं, त्याची मी माफी मागते." हे खोटं होतं, पण सहज निघालं. "आणि मी... मी प्रभू येशूला..."

"थांब."

पप्पा. आवाज मोठा नव्हता. दुकानात मी चुकीची तार उचलली की असाच म्हणतात.

"माफीचं तिचं ती पाहील," पप्पा श्यामसुंदर यांना म्हणाले. "साक्ष नाही. आमच्यात साक्ष मागून घेत नाहीत."

"ओहोळ जी, दो लाइन की बात है."

"तिच्या नाहीत ना त्या. तुम्ही सांगितल्या म्हणून बोलून राहिली, माझ्यासाठी. मग रविवारी मी हिच्या हातावर भाकर ठेवू? कोणत्या तोंडानं?"

"मतलब आपकी बेटी विश्वास नहीं करती?"

"मला माहीत नाही."

"आप बाप हैं!"

"म्हणूनच विचारलं नाही. वाट पाहून राहिलो."

मला राग आला. श्यामसुंदर यांचा नाही, पप्पांचा. मी तयार झाले होते! तोंडातून अर्धं निघालं होतं! इतकी वर्षं हातात हात द्यायला कोणी येईल म्हणून झुरलेला माणूस, आणि हात समोर आल्यावर म्हणतो थांब. मी तशीच वळले आणि मागे जाऊन दाराला टेकून उभी राहिले.

ते दोघं सल्ल्यासाठी व्हरांड्यात गेले. तशी रीत आहे, आपसात बोलून मग निकाल सांगायचा. जाळीतून मला दिसत होतं. भाऊराव काही बोलून राहिले होते, डावा हात हलवत. श्यामसुंदर शांत. मग भाऊरावांचा हात खाली आला आणि तसाच राहिला. मला समजलं. मी आईकडे पाहिलं, तिलापण समजलं.

आत येऊन श्यामसुंदर उभ्यानंच बोलले. "संघ की सलाह है, दीक्षा अभी न हो. हाथ हम आज नहीं दे सकते. और जब तक पास्टर नहीं है, हॉल संघ की देखरेख में रहेगा. आप सब हमारे यहाँ आइए, जगह बहुत है. मराठी में एक गीत भी रख लेंगे."

एक गीत. मागच्या बाकावर कोणीतरी रडायला लागलं.

"ठरवूनच आले होते हे," मी म्हटलं.

"दीपू!" आई.

"पिशवीत कुलूप आहे त्यांच्या. नवीन. पाणी प्यायच्या आधीपासून आहे. विचारा ना! मी चूक करते का बरोबर करते, यावर काही नव्हतंच. मी दोन लाइनी बोलले असते तर दुसरं काही निघालं असतं."

श्यामसुंदर यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून कुलूप काढलं आणि टेबलावर ठेवलं, भाकरीच्या ताटाची जागा असते तिथंच. "इसमें छुपाने का क्या है. जिम्मेदारी का काम है, तैयारी करके आना पड़ता है. तुम बोल देतीं तो मैं इसे घर ले जाता. प्रभु गवाह है."

खरंच नेलं असतं का, मला आजही माहीत नाही. त्यांचा चेहरा खोटा नव्हता.

भाऊराव कुलपाकडे पाहून राहिले होते. "मला काहून नाही सांगितलं?"

"आप बुजुर्ग हैं, आपको काहे तकलीफ दें."

श्यामसुंदर यांनी पुठ्ठा फाडला. तो आवाज, प्लास्टिक फाटायचा, पूर्ण हॉलमध्ये ऐकू गेला. किल्ल्या खिशात टाकल्या, कुलूप हातात घेतलं आणि दाराकडे चालत आले. दारात मी.

"चलिए, सब लोग आराम से बाहर आ जाइए. हट जाओ बेटा."

मी हटले नाही.

"हट जाओ."

ते इतके जवळ आले की सफारीवरच्या अत्तराचा वास आला. माझी मूठ वळली होती. मला माझी मूठ माहीत आहे, ती मला विचारत नाही. बाजारातपण विचारलं नव्हतं. आणि मला दिसत होतं की मी आता मारलं तर पुढचं सगळं त्यांचंच. जो घर सांभाळू शकत नाही, पाहा, पाहा. तरी मूठ वर जाऊन राहिली होती.

"भाऊराव," बेबीमावशीचा आवाज आला. बसल्या जागेवरून, साखर संपली का विचारावं तसा. "संघाचा हात नसला तर दीक्षा होत नाही, असं शास्त्रात आहे का?"

श्यामसुंदर थांबले. माझी मूठपण थांबली.

भाऊरावांनी कुलपावरची नजर काढली. "शास्त्रात नाही, बेबीताई. रिवाजात आहे."

"कोणाच्या?"

"आमच्या. संघाच्या."

"आमच्या रिवाजात मंडळी निवडते. सल्ला ऐकते, पाहुण्यांना चहा पाजते. आणि हात मंडळीचे." मावशी बाकाला धरून उठली. "सल्ला ऐकला आम्ही. चलो, अनुपम, गुडघे टेक."

पप्पा हलले नाहीत. "मावशी, असं कोणी केलं नाही आपल्यात. तुमच्या आठवणीततरी..."

"माझ्या आठवणीत इस्टरला कोणी न येणंपण नव्हतं. टेक."

पप्पांनी आईकडे पाहिलं. आईनं हातातलं फडकं दाराच्या कडीला अडकवलं आणि पुढे गेली. तेव्हा पप्पा खुर्चीवरून खाली आले. कोटाची शिवण पाठीत उसवली, करकन. मावशीनं हात उचलला, उजवाच, प्लास्टरचा. ठेवायला गेली तर तो तिच्या ताब्यात नसल्यासारखा पप्पांच्या डोक्यावर आदळला.

"आई गं!" पप्पा.

"लागलं का?"

"नाही नाही, ठेवा."

रडणारे हसले. मग एकेक जण उठला. आईचा हात, वरच्या गल्लीतल्या नर्सबाईंचा, बँकेतल्या नव्या मराठी साहेबांचा, ज्यांना काय चाललंय ते नीट समजलंपण नसेल. ज्यांचा हात डोक्यापर्यंत पोचला नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर ठेवला. पप्पा दिसेनासे झाले.

मी दारातच. मी सभासद नाही, माझा हात चालत नाही. पाय एकदा पुढे पडला होता, मीच मागे घेतला. आत्ताच तर पप्पांनी सगळं घालवलं होतं, मी खोट्यानं आत येऊ नये म्हणून.

हॉलमध्ये त्या घोळक्याच्या बाहेर आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि कुलूप धरलेले श्यामसुंदर. भाऊराव मध्येच कुठंतरी, ना इकडे ना तिकडे.

"ये दीक्षा कोई नहीं मानेगा," श्यामसुंदर हळूच म्हणाले. मला म्हणाले, दुसरं कोणी ऐकायला नव्हतंच.

"माहीत आहे."

"कोई पास्टर यहाँ नहीं आएगा. शादी, दफन, कुछ नहीं."

"माहीत आहे मला."

आत प्रार्थना सुरू झाली. मावशी आपल्या शब्दांत बोलून राहिली होती, मध्येच विसरत होती, आई आठवण देत होती. श्यामसुंदर यांनी डोळे मिटले. सवयीनं मिटले असतील. प्रार्थना चालू असताना माणूस दाराला कुलूप घालू शकत नाही, तो कितीपण मोठा अध्यक्ष असो. आमेन झालं तेव्हा त्यांनी कुलूप पिशवीत टाकलं. मी बाजूला झाले. जाताना ते माझ्याकडे पाहून थांबले. "हम कोर्ट जाएँगे, बेटा. गुस्से से नहीं. पर जाएँगे."

भाऊराव त्यांच्या मागे निघाले. पप्पा घोळक्यातून बाहेर आले होते, केस विस्कटलेले, पाठीत कोट फाटलेला. दोघं समोरासमोर आले. भाऊरावांचा उजवा हात खिशातून निघाला. मी पाहिला, चांगला छातीपर्यंत आला. पप्पांचा आपोआप पुढे झाला. मग बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि भाऊरावांनी दुसरा हात आणून दोन्ही जोडले.

"सलाम, पाळकसाहेब," म्हणाले, आणि गेले.

पप्पांचा हात थोडा वेळ तसाच राहिला हवेत.

त्या आठवड्यात दोन घरं गेली. लेकीचं लग्न ठरलं आहे, समजून घ्या, असं सांगून गेली. बँकवाले साहेब आले नाहीत. संघाचा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला, पप्पांचं नाव घालून, ही दीक्षा खरी नाही म्हणून. दुकानात आम्ही बोललो नाही फारसं. एकदाच मी म्हटलं, "तुम्ही मला बोलू द्यायला पाहिजे होतं." पप्पा म्हणाले, "टेस्ट लॅम्प दे." मी दिला. लॅम्प पेटला नाही, मोटर चांगली होती.

रविवारी दार उघडंच ठेवलं होतं. गल्लीत गाडीचा आवाज आला की सगळ्यांच्या माना वळायच्या. एकदा तर भाजीचा टेम्पो होता तरी आई अर्धी उठली. पप्पांनी दाराकडे पाहिलं नाही. कोट आईनं शिवला होता, धागा जरा वेगळ्या रंगाचा. त्यांनी भाकर उचलली आणि मोडली. तुकडे सारखे झाले नाहीत.

ताट बाकांवरून मागे आलं. नर्सबाईंनी माझ्या हातात दिलं. जड होतं, पितळेचं. मी थांबले. आपण असं थांबलो की सगळं थांबते, हे मला पहिल्यांदा समजलं. समोरून पप्पा पाहून राहिले होते. मी काही घ्यावं म्हणून नाही. नुसते पाहून राहिले होते, घाई नव्हती त्यांना.

मी न घेता ताट शेजारच्या बेबीमावशीसमोर धरलं. तिनं डाव्या हातानं एक तुकडा उचलला, सगळ्यात मोठा, आणि म्हणाली, "नीट धर, सांडशील."